उलटं बसवलेलं दार

आमच्या पल्लवीचं लग्न एका दारापायी मोडता मोडता राहिलं. दाराचा त्यात काही दोष नव्हता.

मला जुन्या सामानाच्या अड्ड्यावर फिरायचा नाद आहे. अक्कलकोट रोडला बाबूभाईंचा अड्डा आहे. पाडलेल्या इमारतींच्या खिडक्या, खांब, फरशा तिथे येऊन पडतात आणि सुट्टीच्या दिवशी त्या बघायला मी जाऊन पडतो. आजवर तिथून मी जिन्याचा कठडा (आमचं घर बैठं आहे) आणि रंगीत काचांची एक खिडकी (भिंत शोधतोय) आणली आहे. त्यातच एकदा हे दार दिसलं. अख्खं सागवानी, वर मोर, खाली वेलबुट्टी.

"ले लेव साब," बाबूभाई म्हणाले, "ऐसा माल अब कां मिलता?"

घेतलं.

दार बसवताना मी सौंदर्यदृष्टी वापरली. नक्षीची बाजू रस्त्याकडे ठेवायचा रिवाज आहे. पण मोर बघायचा रिक्षावाल्यांनी, आणि मी सोफ्यावर बसून मागचं सपाट फळकूट बघायचं? मी दार उलटं बसवून घेतलं. नक्षी आत आली, आतली कडी बाहेर गेली. ही कडी म्हणजे जाड लोखंडी पट्टी, दार लागलं की आपोआप पडून खाचेत बसणारी. थोडक्यात, आम्ही घरात बसून दार लावलं की बाहेरून कोंडले जायचो.

"चोर शिरला तर निदान आतच सापडेल," मी बायकोला म्हणालो. सुनंदा तेव्हा खिडकीतून शेजारच्या नरसय्यामामांना हाका मारत होती, कडी काढायला.

सुतार काही येईना. मग दाराच्या फटीत चप्पल अडकवून ठेवायची पद्धत पडली.

अशातच कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीहून पल्लवीला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिला मनापासून आवडलेला. आता फक्त त्याच्या आईचा होकार हवा होता.

"बाबा, तुम्ही फक्त काही करू नका," एवढंच पल्लवी म्हणाली.

मी काही करणारच नव्हतो. पण बाहेर गाडी थांबली आणि वाटलं, पाहुण्यांनी चप्पल अडकवलेल्या दारातून आत घुसणं काही बरं दिसत नाही. बेल वाजावी, मी रुबाबात दार उघडावं. मी चप्पल काढली, दार लावलं. बाहेर खट्ट झालं. नरसय्यामामा एमआयडीसीत कामावर गेले होते.

बेल वाजली.

"कडी काढून आत या," मी आतून म्हणालो.

बाहेरून मुलाच्या आईचा आवाज आला, "तुमी आत, अन् कडी भायेर कशी?"

"ती पडली."

"कुणी कोंडलंय तुमाला?"

"कुणी नाही. मीच."

बाहेर कानडीत कुजबुज सुरू झाली. सुनंदाचं माहेर अक्कलकोटचं, तिला कानडी येतं. तिने दाराला कान लावला.

"काय म्हणतायत?"

"पोरीला लग्न नको असणार, म्हणून कोंडून ठेवलीय म्हणतायत. परत जाऊ या म्हणतायत."

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पहिल्यांदाच त्या मोराचा राग आला.

शेवटी कडी वर झाली. बाई आत आल्या आणि माझ्या नमस्काराकडे न बघता सरळ पल्लवीपाशी गेल्या. तिचा हात धरून म्हणाल्या, "खरं सांग बाळ. कुणाची बळजबरी हाय का?"

"नाही मावशी. दार उलटं बसलंय. बाबांनी हौसेने बसवून घेतलंय."

बाईंनी दार पुढून बघितलं, मागून बघितलं. मग मला बघितलं, तेही तसंच. मी मोराविषयी सांगायला तोंड उघडलं, पण त्या सुनंदाकडे वळल्या होत्या.

"पोरगी कुणावर गेलीय?"

"माझ्यावर," सुनंदा घाईघाईने म्हणाली.

"पक्कं?"

"अगदी पक्कं," मीही म्हणालो.

"मग चालतंय की," बाई सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "आणा पोहे."