उपरण्याखालची पाच बोटं

भूमच्या बाजारात शेळ्यांच्या रांगेच्या टोकाला, बाभळीखाली, पंजाबी ड्रेसवर पुरुषी उपरणं टाकून जी बाई उभी असते, ती दैवशाला. वय तेहेतीस. शेळीचे दात पाहिले की तिला वय कळतं, पोटाखाली हात घातला की महिने कळतात, आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं की ते परत येणार की नाही, तेही कळतं. हे सगळं तिच्याकडे वडिलांकडून आलं. बलभीमांनी चाळीस वर्षं याच बाभळीखाली दलाली केली. गुडघे बसले, तेव्हा एका बाजाराच्या सकाळी त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून मुलीच्या खांद्यावर टाकलं. "मला उभं ऱ्हावंना. तू जा," एवढंच म्हणाले. त्याला आता सात वर्षं झाली.

उपरणं मिरवायला नव्हतं. इथं भाव तोंडानं सांगत नाहीत. चांगल्या शेळीचे दहा हजार तर सगळ्यांनाच ठाऊक. त्याच्यावर किती, ते ठरवायला विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर उपरणं टाकतात आणि बोटं धरतात. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन, पाचही मुठीत घेतली की पाच. शेजारच्याला काही दिसत नाही. आणि एकदा उपरणं उचललं की सौदा पक्का. मग कमी नाही, जास्त नाही, परत नाही.

पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं बिचकायची. बाईच्या हाताला हात कसा लावायचा? दैवशाला उपरणं पसरून तशीच उभी राहायची. "शेळी घ्यायची का लाजायचं, ते ठरवा मामा. ऊन लई झालंय." मामा हसायचे आणि हात पुढे करायचे. दोन वर्षांत तिच्या शब्दाला बलभीमांइतकाच भाव आला.

फक्त लग्नाचं घोडं तिथंच अडायचं. स्थळं यायची, पोहे व्हायचे, मुलगी पसंत पडायची आणि मग कुणीतरी घसा खाकरायचं. बार्शीच्या एका मुलाची आत्या म्हणाली, "बाकी काही नाही, पण परक्या पुरुषांच्या हातात हात घालणं आमच्याकडं चालायचं नाही."

"आत्याबाई, तुमच्या हातात बांगड्या कोण भरतं?" दैवशालानं विचारलं. "कासारच ना?"

ते स्थळ पोह्यांच्या बशा उचलायच्या आत उठलं. त्यानंतरच्या दोघांनीही बाजार सोडायची अट घातली. दैवशालानं दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. तिला लग्न नको होतं असं नाही. हवं होतं. पण उपरणं खुंटीला टांगून नको होतं.

हे सगळं ऐकायला जास्मिन होती. शाळेत दोघी एका बाकावर. आता जास्मिनचं एसटी स्टँडमागं टेलरिंगचं दुकान होतं, नवरा अरफात होता, दोन मुलं होती, आणि दैवशालाचं लग्न आपणच जमवणार असा दांडगा विश्वास होता. पुरुषाची पारख ती कॉलरवरून करायची.

"कॉलर आतून मळकी असली ना, की समजायचं, आईनं लाडावलेला आहे. आणि लई कडक इस्त्री असली की बायकोला छळणार."

"आणि अरफातभाईंची कशी होती?"

"उसवलेली. म्हणून तर दुकानात आला होता."

रामहरी बाजारात आला तो दिवाळीनंतर. वीज कंपनीत वायरमन. वय छत्तीस. दोन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. परंड्याच्या रस्त्यावर, भूमपासून दोन थांब्यांवर त्याचं गाव. सोबत आई, अयोध्याबाई. त्यांना एक शेळी हवी होती, आणि त्या थेट दैवशालाच्या चंद्रीपाशी येऊन थांबल्या. काळीभोर शेळी, कपाळावर पांढरा ठिपका, दोन महिन्यांची गाभण. दलालीतली नव्हे, दैवशालाची स्वतःची.

"ताई, भाव कसा?" रामहरीनं विचारलं.

"तोंडानं सांगत नसतात. हात द्या."

रामहरीनं आईकडं पाहिलं.

"दे की रं हात," अयोध्याबाई म्हणाल्या. "खांबावर चढायला भेत न्हाईस, आन् हितं घाम फुटला व्हय?"

त्यानं हात पुढे केला. दैवशालानं वर उपरणं टाकलं आणि त्याची दोन बोटं धरली. चंद्रीला दोनच्या वर किंमत नव्हती. आता त्यानं तिचं एक बोट धरायचं, मग तिनं मान हलवायची, मग दीडावर यायचं. अशी रीत. पण रामहरीनं तिची पाचही बोटं मुठीत घेतली. घेतली आणि धरूनच ठेवली.

दैवशाला थांबली. तो सोडेना. शेजारी शेळ्या घेऊन बसलेले म्हातारे दलाल सिद्रामप्पा ओरडले, "वायरमनला करंट लागला काय रं?"

सगळी रांग हसली. रामहरी दचकला, त्यानं झटक्यात हात ओढला आणि उपरणं त्याच्याबरोबर वर गेलं. सौदा पक्का झाला होता.

"किती दिलेत, कळलं का?" दैवशालानं हळूच विचारलं.

"पटलं म्हणून दिले."

"किती पण?"

"ते..." रामहरीचे कान तांबडे झाले. "तुम्हीच सांगा."

तीन बोटं जास्त गेली होती. परत देता येत नव्हती. सात वर्षांत तिनं कुणाला उपरणं उचलल्यावर मागं फिरू दिलं नव्हतं, मग स्वतः कशी फिरणार? पण अडाणी गिऱ्हाइकाला नागवलं असं बाजारानं म्हटलेलंही तिला चालणार नव्हतं. तिनं चंद्रीची दोरी अयोध्याबाईंच्या हातात दिली आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, ही व्यायपर्यंत हिची देखभाल माझ्याकडं. दर आठवड्याला येऊन बघून जाईन. जास्तीची तीन बोटं त्यात फिटली."

संध्याकाळी जास्मिननं सगळं दोनदा ऐकलं.

"हात किती वेळ धरला?"

"असेल पाव मिनिट."

"कॉलर?"

"बघितली नाही."

"सात वर्षं शेळ्यांचे दात बघतीस आणि माणसाची कॉलर बघता येईना? बरं, तुला काय म्हणून हाक मारली?"

"ताई."

"तौबा!" जास्मिननं मशीन थांबवलं. "मग संपलं."

पण पुढच्या आठवड्यात दैवशाला स्कूटीवरून चंद्रीला बघायला गेली, तेव्हा रामहरी घरीच होता. त्यानं गोठ्याला नवीन बल्ब लावला होता. शेळीला कशाला लागतो बल्ब, असं दैवशालानं विचारलं, तर म्हणाला, "अंधारात बरं नाही वाटत तिला." त्याच्या पुढच्या आठवड्यात पंखा आला. तिसऱ्या आठवड्यात अयोध्याबाईंनी कपाळाला हात लावला. "माझ्या खोलीतला पंखा सा महिन्यांपासून बंद हाय. पर शेळीला वारं पायजे!"

प्रत्येक वेळी जास्मिनचा प्रश्न तोच. "आज काय म्हणून हाक मारली?"

"काहीच नाही म्हणाला."

"ताई नाही?"

"नाही. नुसतं, 'आलात का.'"

जास्मिननं दोरा दातानं तोडला. "आता बरोबर चाललंय."

दैवशाला कबूल करत नव्हती, पण चंद्रीला बघायला जायचा बुधवार आला की ती आरशासमोर दोन मिनिटं जास्त थांबू लागली. रामहरी बोलायचा कमी. खांबावरून गाव कसं दिसतं ते सांगायचा: कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय, कुठल्या लिंबाच्या झाडावर किती घरटी आहेत. तो तिचं बोलणं मात्र मन लावून ऐकायचा, आणि पुढच्या वेळी गेलं की तिनं सांगितलेला एकेक पाला दावणीला टांगलेला असायचा. चंद्री चांगली टरटरून फुगली होती.

साडेचार महिने भरत आले, तेव्हाची गोष्ट. रामहरी ड्युटीवर होता. दैवशाला चंद्रीची कास बघून उठली, आणि अयोध्याबाईंनी उंबऱ्यावर बसून, पदर सारखा करत, घसा खाकरला.

तो आवाज दैवशालाला ओळखीचा होता.

"पोरी, एक इचारू का? लगीन झाल्यावर बाजार सोडशील का गं?"

"न्हाय मावशी," दैवशाला म्हणाली. "सोडणार न्हाय." आणि मावशी पुढं काही बोलायच्या आत स्कूटीला किक मारून निघाली. भूमपर्यंत तिनं आरशात मागं पाहिलं नाही.

जास्मिनच्या दुकानात ती स्टुलावर बसली. जास्मिन एका पांढऱ्या कापडाला हिरवी किनार लावत होती. दैवशालाला पाहताच तिनं ते मांडीखाली सारलं.

"काय झालं?"

"तेच. बाजार सोडशील का."

"त्यानं विचारलं?"

"आईनं. एकच झालं की."

"एक कसं होईल?" जास्मिन काहीतरी बोलणार होती, पण ओठ मिटून बसली. असं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेल. मग म्हणाली, "तुला वाईट वाटतंय का राग येतोय?"

दैवशालानं खरं सांगितलं. "आधीच्या तिघांचा राग आला होता. ह्या वेळी वाईट वाटतंय."

शब्द दिला होता म्हणून ती पुढंही गेली, पण रामहरी कामावर असेल ती वेळ साधून. मावशींनी चहा पुढं केला की घाई सांगायची. चंद्री व्याली ती एका दुपारी. दोन पिल्लं, दोन्ही काळी, एकाच्या कपाळावर ठिपका. दैवशालानं नाळ कापली, पिल्लं पुसून आचळाला लावली, हात धुतले आणि म्हणाली, "मावशी, माझी तीन बोटं फिटली." अयोध्याबाई काही सांगू बघत होत्या, पण ठिपकेवालं पिल्लू धडपडत भिंतीला गेलं, त्या त्याच्यामागं धावल्या, आणि दैवशाला निघाली.

पुढच्या बाजारी ती बाभळीखाली उभी होती. वडिलांचं उपरणं मधोमध इतकं विरलं होतं की उन्हात खालची बोटं दिसायची. सकाळीच एका गिऱ्हाइकानं त्यावरून कुरकुर केली होती. तेवढ्यात रांगेतून रामहरी येताना दिसला. मागं अयोध्याबाई. शेळी नव्हती, पिल्लू नव्हतं, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सौदा करायचाय," रामहरी म्हणाला.

"कशाचा?"

त्यानं कागद सोडला. आत नवं पांढरं उपरणं होतं. रुंद, जाडसर, हिरव्या किनारीचं. दैवशालानं किनारीवरून बोट फिरवलं. टाका बारीक आणि कोपऱ्यात दोनदा मारलेला. असं सबंध भूममध्ये एकच माणूस शिवायचं.

"हे जास्मिननं शिवलंय."

"व्हय. कापड मी महिन्यापूर्वी दिलं होतं. तुमचं फाटलंय, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं." तो थांबला. "बाजारात उभं ऱ्हायचं तर चांगलं पायजे."

महिन्यापूर्वी. म्हणजे आईनं प्रश्न विचारायच्या आधी. दैवशालानं अयोध्याबाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" अयोध्याबाई कडाडल्या. "म्या इचारलं, सोडशील का, तर गाडीला किक मारून पसार! पुढचं कोण ऐकणार? आता दोनाच्या चार व्हत्याल, चाराच्या आठ. तू बाजार सोडलास तर माझ्या शेळ्या इकणार कोण? ह्यो? ज्यानं दोनाचे पाच केले त्यो?"

सिद्रामप्पा फेटा सावरत उठून उभे राहिले. आजूबाजूच्या चार शेळ्यांचे भाव अर्ध्यावर थांबले.

दैवशालानं जुनं उपरणं घडी करून खांद्यावर ठेवलं आणि नवं पसरलं. रामहरीचा हात खाली आला, पण उलटा. पंजाची पाठ तिच्या बोटांना टेकली आणि तशीच राहिली.

"हे काय?"

"आमच्या कामात पहिल्यांदा हेच शिकवतात," तो हळू आवाजात म्हणाला. "तारेत करंट आहे का बघायचं तर हात उलटा लावायचा. सुलटा लावला की मूठ मिटते, आणि मग सोडायची म्हटली तरी सुटत नाही. त्या दिवशी मी विसरलो."

दैवशालानं किती सौदे केले होते, तिला मोजता आले नसते. पण असा उलटा हात तिला कुणी दिला नव्हता. तिनं त्याचा पंजा सुलटा केला आणि पाचही बोटं मुठीत घेतली. मग दुसऱ्या हातानं उपरणं उचललं, सगळ्या रांगेसमोर.

"पाच!" सिद्रामप्पा ओरडले. "बलभीमाला सांगा रं कुणीतरी, लेक एकदम पाचावर गेली!"

रांगेच्या पलीकडून, कापडाच्या गाठोड्याआडून, जास्मिनच्या टाळ्या ऐकू आल्या. ती दुकान बंद करून केव्हाची तिथं उभी होती.

बाभळीला बांधलेल्या शेळीचे दात बघत एक गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्यानं विचारलं, "बाई, हिचं काय?"

"थांबा मामा, आलेच," दैवशाला म्हणाली. हात मात्र तिनं लगेच सोडला नाही.