लांब भोंगा

माझे अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकते, त्याची माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले. हे पाठवीन की नाही ठाऊक नाही... पाठवलेच तर नाव छापू नका.

आम्ही ख्रिस्ती. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जात असे. अजूनही जाते. पण हे माझ्या कानांनी ऐकले आहे.

चीनची लढाई होऊन गेली होती, पाकिस्तानची व्हायची होती. जबलपूरच्या फॅक्टरीत रात्रंदिवस काम चाले. माझ्या मुलीचे, रूथचे, पप्पा तिथे तोफगोळे भरण्याच्या खात्यात. क्वार्टरमध्ये चूल, अंघोळ, शाळा, सगळे भोंग्यावर. आणि थांबतच नाही असा लांब भोंगा वाजला, म्हणजे आत अपघात. मग बायका-मुले हातातले टाकून गेटकडे धावत. कोणाला शिकवावे लागत नसे.

त्या मे महिन्यात चर्चच्या तरुण संघाचे शिबिर नर्मदेकाठी होते, भेडाघाटच्या अलीकडे. शहरापासून चांगले लांब. रूथ चौदा वर्षांची, जाण्यासाठी रडत होती. हे म्हणाले, "काहून पाहिजे शिबिर? मी एक पैसा देणार नाही." मग मी शेजारच्या शांताबाईंकडून पंचवीस रुपये उसने घेतले आणि स्वयंपाकाला म्हणून सोबत गेले.

एका दुपारी मुले नदीकाठच्या मातीच्या दरडीखाली, सावलीत, नोहाच्या तारवाचे नाटक बसवत होती. नागपूरचे दानिएल भैया शिकवत होते. मी वर रस्त्याजवळ पोळ्या करत होते. जाडा अँथनी हत्ती झाला होता.

"ए हत्ती, तू चढला की तारूच बुडून जाते!" रूथ हसून म्हणाली.

तेवढ्यात भोंगा वाजला. लांब... थांबेचना.

माझ्या हातातली पोळी विस्तवात पडली. खालून रूथ, अँथनी, क्वार्टरची सगळी मुले पायवाटेने वर धावत सुटली.

"अरे, कहाँ भाग रहे हो! हत्ती, परत ये!" भैया ओरडले.

"भैया, भोंगा!"

"कोणता भोंगा? मला तर काही ऐकू नाही आले!"

शिबिराला शहरातल्या दीक्षितपुऱ्याचीही मुले होती, त्यांनाही आला नव्हता. पण सगळे पळून राहिले म्हणून तीही पळाली, आणि भैया त्यांना आवरायला मागे. ते वर पोहोचले आणि खाली धप्प आवाज झाला. दरड बसली होती. चटया, ढोलक, पुठ्ठ्याचे तारू — सगळे मातीखाली.

पण खरे सांगते, मला त्या मातीचे काही वाटलेच नाही. डोक्यात फक्त गेट. रस्त्यावर थांबवलेल्या ट्रकमध्ये रूथ माझा पदर धरून एकच विचारत होती, "आई, पप्पांची आज सकाळपाळी आहे ना? आई, सांग ना."

मी ड्रायव्हरला जोरात हाकायला सांगत होते...

गेटच्या वाटेवरच आमचे क्वार्टर. दारात हे बनियनवर चहा पीत बसले होते.

"अच्छा! इतक्यात कंटाळल्या?"

रूथ त्यांच्या गळ्यात पडली. "पप्पा, लांब भोंगा वाजला..."

"कुठे वाजला? मी आत्ताच आलो ना पाळीवरून." मग त्यांनी गेटवरच्या दरबानालाही विचारून पाहिले. नाहीच वाजला.

दरडीचे ऐकले तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला आणि रूथच्या डोक्यावरून हात फिरवला.

पाळकसाहेब म्हणाले, परमेश्वराने वाचवले. मीही गुडघे टेकले. पण मग दीक्षितपुऱ्याच्या मुलांना का नाही ऐकवले? ती काय त्याची नव्हती? भैया म्हणाले, वारा असेल. त्या दुपारी पानही हलत नव्हते. अजून कुठे भोंगा वाजला की माझा हात थांबतो... तो बंद होईपर्यंत पुढचे काम सुचत नाही.

पगाराच्या दिवशी हे घरात न येता सरळ शांताबाईंच्या दाराशी गेले.

"वहिनी, शिबिराचे पैसे."

"अहो भाऊजी, घाई काय? बाई देईन म्हणाल्या होत्या थोडे थोडे."

"नाही वहिनी. आजच, आणि मीच."

पंचवीसच्या पंचवीस रुपये त्यांनी शांताबाईंच्या हातावर ठेवले.