नितीनचं डब्ल्यूलॅन-झिरो

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसलोय. कॉम्प्युटर रिपेअरिंग हा माझा धंदा. मशीन बिघडलं की कारण असतंच, फक्त शोधायचा कंटाळा नको, हे माझं तत्त्व. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय... तरी लिहितो.

२००९ सालची गोष्ट. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे आमची बिल्डिंग. समोरच्या घरात सावंतकाकी एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा नितीन, माझा मित्र, वर्षापूर्वी घोडबंदर रोडवर बाइकच्या अपघातात गेला. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, माझ्याच नादाने टाकलेलं. वायरचं पोर्ट जळलेलं, म्हणून नेटसाठी तो एक छोटं वायरलेस यूएसबी कार्ड वापरायचा. ते कायम त्याच्या सॅकमध्ये असायचं, आणि अपघातानंतर ती सॅक काही सापडली नाही.

त्या रविवारी दुपारी सिंगापूरला काकींच्या मुलीच्या बाळाचं बारसं होतं. काकींकडे पासपोर्ट नव्हता. निदान वेबकॅमवर तरी नातू बघायचा होता. मी नवं कार्ड लावलं नि म्हटलं, "काकी, दहा मिनिटं."

कसली दहा मिनिटं! लिनक्स प्रत्येक कार्डाला नाव देतं. पहिल्याला डब्ल्यूलॅन-झिरो, पुढच्याला डब्ल्यूलॅन-वन. दिलेलं नाव ते कार्डाच्या पत्त्यासकट, म्हणजे कंपनीने प्रत्येक कार्डाला दिलेल्या वेगळ्या नंबरासकट, एका फाइलीत लिहून ठेवतं, आणि कार्ड निघून गेलं तरी ते नाव दुसऱ्याला देत नाही. म्हणजे नितीनच्या कार्डाने झिरो अडवलेलं, नव्याला वन मिळालेलं, आणि नेट जोडणारी माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला चार ओळींचा प्रोग्रॅम, झिरोच शोधत बसलेली. यात भुताटकी काही नाही, आमचं रोजचं रडगाणं आहे. मी फाइलीतली ती ओळ उडवली आणि मशीन रीस्टार्ट केलं.

ओळ परत हजर.

पुन्हा उडवली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. तेच. डोकं असं फिरलं की सरळ केबिन रोडवर जाऊन नवीकोरी हार्ड डिस्क आणली. "सील पॅक है ना?" विचारलं तर दुकानदार वैतागला, "आपके सामने तो खोला, भाई." जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली, नवीवर सगळं पहिल्यापासून टाकलं, नवं कार्ड लावलं... नाव आलं डब्ल्यूलॅन-वन. फाइल उघडली तर झिरोसमोर एक पत्ता लिहिलेला. राउटरवर ओळखीच्या कार्डांनाच परवानगी द्यायची म्हणून नितीनच्या कार्डाचा पत्ता पूर्वी मीच त्यात घातला होता. घरून लॅपटॉप आणून राउटरची सेटिंग उघडली, पत्ता ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर तोच. कोऱ्या डिस्कला हे कुणी सांगितलं?

आता तुम्ही म्हणाल, स्क्रिप्टमध्ये झिरोच्या जागी वन लिही की बाबा. खरंय, एका आकड्याचं काम. पण मूळ दुखणं सापडल्याशिवाय वरवर मलम लावायचं नाही, ही आम्हा रिपेअरवाल्यांची खोड, आणि मी हट्टाला पेटलो होतो. तिकडे मुलीचा फोनवर फोन येत होता, पाहुणे खोळंबलेत म्हणून. काकी ठेवणीतली साडी नेसून माझ्या मागे बसून होत्या.

"काय अडलंय रे?" त्यांनी विचारलं.

"नितीनच्या कार्डाचं नाव पुसतोय, काकी. पुसलंच जात नाहीये." मी चिडून बोलून गेलो आणि जीभ चावली.

"मग पुसतोस कशाला?" काकी म्हणाल्या. " त्याचं आहे ना, राहू दे त्याला. ह्याला दुसरं दे."

मी मुकाट्याने स्क्रिप्ट बदलली. नेट लागलं. चित्र अडखळत आलं... पाळणा, बायकांची गर्दी, मग बाळाचं तोंड. मुलगी कॅमेऱ्याजवळ आली. "आई, शेवटचं विचारते. नितीनच ठेवू ना?"

"नको गं," काकी म्हणाल्या. "तुम्ही ठरवलेलं अद्वैतच ठेवा."

आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. काकी टाळ्या वाजवत होत्या आणि रडत होत्या. मला तर धड बघवेना.

नंतर तीच नवी डिस्क मी घरी नेऊन दुसऱ्या मशीनवर तपासली, काही हाती लागलं नाही. कितीतरी जाणकारांना विचारलं. कुणी म्हणतं मदरबोर्डमध्ये राहिलं असेल. यूएसबी कार्डाचा पत्ता तिथे राहत नाही हो! इतकी वर्षं झाली, अजून चीड येते. तुमच्यापैकी कुणाला कारण ठाऊक असेल तर जरूर सांगा. ती ओळ कशी पुसायची, ते मात्र सांगू नका.