आमची दोन शमादानं

खटाक्-खट, खटाक्-खट... भिवंडीत आमच्या चाळीमागे दिवसभर कापडाचे लूम चालायचे. शाळेतल्या कविता मी त्याच तालावर पाठ केल्या, वृत्त कधी चुकलं नाही... तो आवाज एकदम थांबला की अख्ख्या चाळीला कळायचं, लाईट गेली.

मग टेबलावर मेणबत्त्या लावायची आमची चांदीची दोन शमादानं यायची. शेजारचे लूमवाले रशीदचाचा वडिलांचे दोस्त, त्यांनी वडिलांच्या लग्नात दिलेली. त्या शमादानांच्या उजेडात माझी लेक वैशाली दहावी झाली.

लाईट असतानाही ती रिकामी बसत नसत. एकाच्या दांड्यात वैशालीच्या बांगड्या ओवलेल्या, दुसरं दुधाच्या झाकणावर वजन म्हणून... मांजरासाठी! पाहुणे हसायचे. हसू देत.

नव्वदच्या सुमारास वैशालीचं लग्न ठरलं. माझा थोरला भाऊ, दादा, काल्हेरहून आला. शमादानं हातात तोलून म्हणाला, मोडीत घाल, जावयाला चांदीचं ताट होईल. आमच्याकडे तशी रीतच... मी नाही म्हटलं.

"आपण देवापुढे मेणबत्ती लावतो का रे? मग कशाला कवटाळून बसलायस?"

"लाईट गेल्यावर देवालाही दिसत नाही, दादा."

तो तडक उठला. ताट नसेल तर लग्नात मीही नाही, एवढं ऐकवून गेला.

खरं तर एका वाक्यात भांडण मिटलं असतं. मागे एकदा एक शमादान पडून बूड उचकटलं होतं, तेव्हा आत काळी लाख दिसली. सगळं वजन त्या लाखेचं, चांदी नुसती वरवर... ताट सोडा, धड वाटी झाली नसती.

बायको, मंदा, रोज म्हणायची, सांगून टाका की हो भावजींना. नाही सांगितलं. चांदी कमी म्हणून वाचली, असं का म्हणू द्यायचं? भरीव असती तरी दिली नसती. आज सत्तरी उलटली, मत तेच आहे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी देवक बसवायचं होतं. वडील गेल्यापासून घरातलं प्रत्येक कार्य दादाच्या हातून व्हायचं... त्याचा पाट रिकामा. मंदा सारखी दाराकडे बघत होती, मी मुद्दाम बघत नव्हतो.

आणि मागचा खटाक्-खट थांबला. गच्च अंधार. मी ऐटीत दोन्ही शमादानं आणून मांडली... आणि आठवलं, लग्नाच्या धांदलीत मेणबत्त्या आणायच्याच राहिल्या.

कुणी हसलं नाही. ज्यांच्यासाठी सख्खा भाऊ दुखावला, ती दोन शमादानं माझ्यासमोर काळीठिक्कर उभी.

तेवढ्यात कडी वाजली. चाचपडत दार उघडलं. दारात दादा, हातात कागदाची पुरचुंडी. लाईट जाताच कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेली.

"दोनच आणल्यात," तो म्हणाला. "तुझ्याकडे लावायला जागा दोनच."