अडतीस टक्के

पहिली चूक माझीच. अपंगत्वाच्या तपासणीला मी बुटांना पॉलिश करून गेलो.

डावा पाय पोलिओने लहानपणीच वाळला, आखूड राहिला. जेसल पार्कच्या मोच्याने त्या बुटाला जाड तळ लावून दिलाय. अख्ख्या जन्मात मी एकच कला शिकलो, लंगडं न दिसण्याची. लग्नासाठी हिला बघायला गेलो तेव्हाही ताठच चाललो होतो. हिने चहा देतानाच ओळखलं, ते सोडा.

कंपनी बंद पडल्यापासून घर हिच्या शिलाई मशीनवर चाललंय. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के आले तरच दिव्यांगांची मदत सुरू होणार होती.

तपासणीच्या खोलीचं दार सताड उघडं. बाहेर रांग.

"चालून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

चाललो. सवयीने, ताठ.

"काका, तुम्ही तर मस्त चालताय! चाळीस कुठून देऊ?"

"बुटामुळे, साहेब."

"मग काढा बूट. पँट वर करा."

केली. रांगेतली माणसं वाकून वाकून माझी काडी बघायला लागली. टेबलावरचा क्लार्क हळूच म्हणाला, "अंकल, थोडं जास्ती लंगडा ना. सगळे करतात."

आणि मी केलं. शाळेत पोरं माझी जशी नक्कल करायची, अगदी तशी. माझीच नक्कल. मीच.

डॉक्टर हसले. "आता जरा जास्त झालं हं."

रांगही हसली.

नीट चाललो तर धडधाकट. लंगडलो तर नाटकी. मधे उभं राहायला जागाच नाही.

थांबलो. म्हटलं, "आता चालणार नाही. टेप लावा, साहेब. पाय मोजा."

"टेप आता कुठे शोधू? रांग बघा केवढी आहे." नजरेच्या अंदाजानेच त्यांनी अडतीस लिहिले.

क्लार्कने सहीसाठी कागद पुढे सरकवला. सहीखाली मी लिहिलं, माझा पाय मोजलेला नाही.

"अंकल, असं लिहायचं नसतं."

"मोजायचं असतं," मी म्हणालो.

इंद्रलोक वसाहतीतल्या घरी येऊन हिला सगळं सांगितलं. नक्कल केल्याचंही. ते सांगताना मान वर होईना.

हिने मशीन थांबवली. गळ्यातली टेप काढून माझ्या बुटावर ठेवली.

"उद्या फेरतपासणीचा अर्ज टाकायचा. बूट हाच घालायचा, पॉलिश करून. आणि मोजल्याशिवाय तिथून उठायचं नाही. त्यांच्याकडे टेप नसेल, माझ्याकडे आहे."