पिसांखालचा नेम

विनायकभावोजी गेल्याचा फोन अमेरिकेतून त्यांच्या बहिणीने केला, तेव्हा मी मोदकाच्या पिठासाठी तांदूळ धूत होते. तिच्याकडेच गेले होते, झोपेतच गेले... फोन ठेवला आणि पुन्हा तांदळात हात घातला. आता मोदक वळणार कोण, हे हात पाण्यात असतानाच लक्षात आलं.

ते माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले, फेल्डहोवन या डच गावात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एकटे राहायचे. दर वसंतात बहिणीकडे जाऊन धनुष्यबाणाने रानटर्कीची शिकार करत. इथे तशी शिकार करायला बंदी. म्हणून वर्षभर सराव तिरंदाजी क्लबातल्या फोमच्या टर्कीवर. धनुष्य पाठीला लावून ते सायकलने निघत, मी पुस्तक घेऊन मागोमाग. बाणांच्या टोकांची त्यांची डबी पाहून मी एकदा विचारलं, "इतके प्रकार कशाला?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही भात झाऱ्याने वाढता का?" मग फोमच्या पक्ष्यावर बोट ठेवून दाखवलं. नर पिसारा फुलवतो तेव्हा केवढा थोरला दिसतो, पण काळीज-फुप्फुस मिळून मोसंब्याएवढं. फुगलेल्या पिसांत बाण गेला तर पिसंच उडतात, किंवा पक्षी जखमी होऊन झुडपात दोन दिवस मरत राहतो. बाजूने उभा असेल तर पंखाच्या सांध्यावर नेम धरायचा, लागताच उघडणाऱ्या पात्याने. त्यांची पसंती मात्र मानेला, आणि त्यासाठी तळहाताएवढं रुंद पातं. "लागलं तर तिथेच संपलं, चुकलं तर पाखरू धडधाकट उडून जातं. अधलंमधलं काही नाही."

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक तेच वळायचे. पाच वर्षांपूर्वी हे शिकारीचं कुणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं. भरल्या स्वयंपाकघरात अध्यक्ष म्हणाले, "पाखरं मारणाऱ्या हातांचे मोदक बाप्पाला नकोत." भावोजींच्या हातात अर्धी मिटलेली पारी होती. ती त्यांनी पुरती मिटली, ताटात ठेवली, हात धुतले आणि सायकल काढली. पुन्हा मंडळात आले नाहीत. "जाऊ द्या हो, वहिनी," एवढंच म्हणाले. मी जाऊ दिलं नाही.

गेल्या महिन्यात शोकसभा झाली. अध्यक्ष रेशमी झब्ब्यात उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले. भावोजींना "माझा धाकटा भाऊ" म्हणाले, "पक्ष्यांना जीव लावणारा हळवा माणूस" म्हणाले, डोळे पुसले. मी तिसऱ्या रांगेत होते. उठून खोटारडे म्हणावं, ढोंगी म्हणावं असं फार वाटलं... पण ती सगळी पिसं होती. घरी आले आणि नेम कुठे धरायचा याचा विचार करत राहिले. त्याला इतके दिवस लागले.

तर अध्यक्ष, ऐका. गेली चार वर्षं नैवेद्याला माझ्या नावावर आलेले मोदक माझे नव्हते. मला पाकळ्या जमत नाहीत. ते माझ्या ओट्याशी उभं राहून विनायकभावोजींनी वळले. दर वर्षी तुम्ही घरी न्यायला स्टीलचा डबा पुढे केलात आणि म्हणालात, "वहिनी, या हाताला देवानेच चव दिलीय." मी ते घरी येऊन सांगितलं की भावोजी पोट धरून हसायचे. "चार जास्त घाला त्यांना," म्हणायचे. ते हसायचे. मी दिवस मोजत होते.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. गेल्या वर्षी पुन्हा भरून द्यायला दिलेला तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय, त्याच्या झाकणावर ते कोरलेलं आहे. भावोजींच्या घरातून त्यांच्या बहिणीने मला एक वस्तू घेऊ दिली, ते मानेचं रुंद पातं. ते तुमच्या डब्यात ठेवलं आहे. न्यायला याल तेव्हा झाकण जपून काढा.