कमळावरचं ताट

मी करूरला निघाले त्या दिवशी अण्णा सिल्लोडहून एसटीनं थेट संभाजीनगर स्टेशनवर आले, तेही कामाच्या खाकी कपड्यांत. माझे वडील अजिंठ्याच्या लेण्यांत राखणदार. बॅटरीच्या उजेडात पाहुण्यांना छतावरची कमळं दाखवण्यात त्यांची सारी हयात गेली. मला म्हणाले, "खोली घेशील तर आधी छत बघ, माय. गळकं नको." मला पोचवायला आलेली आई रडत होती आणि मला हसू येत होतं. गाडी हलली तसं ते कुठल्या कुठं पळालं.

करूर तमिळनाडूत आहे. टेबलक्लॉथ, नॅपकिन, टेबलावरच्या लांब पट्ट्या विणणं हाच तिथला धंदा, आणि मी एका मिलमध्ये डिझायनर. तिथं अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळं रिक्षावालाही अण्णा आणि चहावालाही अण्णा. सुरुवातीला कुणीही हाक मारली की माझी मान वळायची. आता मीच दिवसाला दहा अण्णांना हाका मारते आणि भाकरीची भूक इडलीवर भागवते.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं तेव्हा मी लेण्यातलं कमळ घेतलं. एक मोठं टेबलक्लॉथच्या मधोमध, आणि बाजूंनी जिथं ताटं येतात तिथं एकेक छोटं. मागावरून उतरलेलं पहिलं सॅम्पल कौतुकानं घरी पाठवलं. आठवडाभर त्याबद्दल चकार शब्द नाही. शेवटी आईनं सांगितलं, कापड कपाटात आहे, अण्णा हात लावू देत नाहीत. मग तेच फोनवर आले.

"जे बुद्धाच्या डोक्यावर काढलंय, त्याच्यावर कालवणाचं ताट ठिवायलीस व्हय?"

परदेशातल्या गिऱ्हाइकाला काय कळतंय, असं मी फणकाऱ्यानं बोलले. फोन ठेवला आणि लाज वाटली. गिऱ्हाइकाला कळत नसेल, मला तर कळत होतं. लहानपणी त्याच छताखाली मान दुखेपर्यंत मी उभी राहिले होते.

नक्षी पुन्हा मांडली. मधलं कमळ ठेवलं, ताटांच्या जागा साध्या विणल्या. मॅनेजर कुरकुरले, कापड रिकामं दिसतंय म्हणाले. मी हटले नाही. पोंगलच्या सुट्टीत ते नवं कापड घेऊन मी सिल्लोडला गेले.

माझ्या अभ्यासाच्या जुन्या टेबलावर अण्णांनी ते स्वतः अंथरलं. चारही बाजूंनी फिरून बघितलं. मग आईला वाढायला सांगितलं. जेवताना त्यांच्याच हातून आमटीचा थेंब पाकळीवर पडला. आईनं आणि मी एकदमच त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तो बोटानं टिपला.

"धुतलं की निघंल. तू जेव."

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, माझी कापडं कुठल्या कुठल्या देशांत जातात, ती तिथं कुणाला आवडतात की नाही, मला कळतही नाही. पण जी माणसं नाराज असली की इतक्या लांबही घास उतरत नाही, ती राहतात ते माझं घर. त्या दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.